शुक्रवारची गोळी आणि मामाकडची लेक

पत्र :

ताई, माझा धाकटा सहा वर्षांचा आहे. फेब्रुवारीत त्याला रक्ताचा कॅन्सर निघाला, डॉक्टर एएलएल म्हणतात. मुंबईला टाटाला नऊ महिने काढले. दिवाळीनंतर घरी आलो. आता मेंटेनन्स चालू आहे, म्हणजे आजार उलटू नये म्हणून घरी द्यायच्या गोळ्या, महिन्यातून एकदा मुंबईला जायचं. आमचं गाव कराडजवळ, घर एकत्र. घरी आल्यापासून मला झोप नाही. रात्रीतून दहा वेळा त्याच्या कपाळाला हात लावते. फरशी दिवसातून तीनदा डेटॉलने पुसते. कुणाला खोलीत येऊ देत नाही. सासूबाईंनाही नाही, कारण त्या मिश्री लावतात आणि खोकतात. त्या म्हणतात, हा पोटात असताना मी ग्रहणात भाजी चिरली म्हणून हे झालं. पौषात पालीच्या खंडोबाला नातवाला न्यायचा त्यांचा नवस आहे. पोर आता बरं दिसतंय तर एवढ्या गोळ्या कशाला, गुळवेलीचा काढा द्या, असं रोज चालू असतं. गोळी त्याला गिळता येत नाही, जाऊबाई खलबत्त्यात कुटून मधातून देतात. त्यांना पाचवा महिना आहे, तरी माझ्यासाठी एवढं करतात. आमचे हे साखर कारखान्यावर असतात, घरी आले तरी बोलत नाहीत. हेडमास्तर म्हणतात, पूर्ण बरा झाल्याचं सर्टिफिकेट आणा, मगच शाळेत घेऊ. महिन्यातले पाच दिवस स्टिरॉइड असतं, तेव्हा रात्री दोनला उठून भात मागतो, नाही दिला तर मला मारतो. लोणचंही मागतो, द्यावं का? मोठी मुलगी पाचवीत आहे. तिच्याकडून काही लागायला नको म्हणून दहा महिने मामाकडेच आहे. परवा तिने मामीला विचारलं, मला पण कॅन्सर झाला तर आई मला घरी नेईल का? काय करू?

उत्तर :

प्रिय ताई,

लेकीचं तुम्ही सगळ्यांत शेवटी लिहिलंत, लोणच्याच्याही नंतर. मी तिथूनच सुरुवात करते.

तिला घरी आणा. परीक्षा झाल्यावर नको, यात्रा झाल्यावर नको. या शनिवारी भावाला फोन करा आणि दप्तरासकट घेऊन ये म्हणून सांगा. शाळेचा दाखला, वर्ष मध्येच मोडणं, हे सगळं नंतर निस्तरता येतं.

मी 31 वर्षं नर्स होते, त्यातली 14 लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात. आमच्याकडे बारा वर्षांखालच्या मुलांना वर सोडत नसत. एक आठ-नऊ वर्षांची मुलगी रोज संध्याकाळी डब्याची पिशवी घेऊन जिन्याखाली उभी राहायची. पिशवी माझ्या हातात द्यायची आणि माझ्याकडे न बघता निघून जायची. तीन आठवडे असंच. एक दिवस पिशवी सोडेना. म्हणाली, सिस्टर, मी दादाला झोक्यावरून ढकललं होतं, त्यामुळे झालं का हो? तीन आठवडे ते पोर एवढं ओझं घेऊन जिन्याखाली उभं होतं आणि आम्ही डब्यात भाजी कोणती ते बघत होतो.

तुमच्या लेकीच्या मनातही असंच काहीतरी असणार. भावाला दवाखाना, आई, खेळणी, मोबाईल. तिला मामाचं घर. दहा वर्षांच्या डोक्याने तिने हिशेब मांडला आणि उत्तर आलं, आजारी पडलं की आई मिळते. मामीने हे तुम्हाला सांगितलं म्हणून मामीचे आभार माना. लेकीला त्यावरून रागावू नका, 'असलं अभद्र बोलू नये' तर मुळीच म्हणू नका. ती घरी आल्यावर पहिल्याच दिवशी, दोघीच असताना, सांगा : हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, तुझ्या कुठल्याही वागण्याने झालेला नाही, आणि तुला पाठवलं ते तू नको होतीस म्हणून नाही, आई घाबरली होती म्हणून. एवढी तीन वाक्यं. मग ती भांडेल किंवा गप्प बसेल. दोन्ही चालेल.

आता ती का गेली याकडे येऊ. ती शाळेतून जंतू आणेल ही तुमची भीती. खोटी नाही, पण मापाच्या बाहेर गेलेली आहे. वॉर्डात नऊ महिने काढलेल्या प्रत्येक आईचं घरी आल्यावर हेच होतं. तिथे सलाइन संपलं की बेल वाजायची, घरी बेल नाही, म्हणून आई स्वतःच बेल होते. दहा वेळा कपाळाला हात, तीनदा डेटॉल. आणि ज्या दोन-तीन गोष्टींना खरंच जपायचं, त्या राहून जातात. तुमच्या पत्रात डेटॉल आहे, पण थर्मामीटर कुठेच नाही.

आधी ताप. हातावर भरवसा ठेवू नका, स्वयंपाक करून आलेल्या गरम हाताला ताप कळत नाही. डिजिटल थर्मामीटर आणा, काखेत लावा. गुदद्वारातून ताप मोजायचा नाही आणि बद्धकोष्ठ झालं तरी एनिमा द्यायचा नाही. तिथे खरचटलं तर तिथूनच जंतू रक्तात शिरतात. बऱ्याच ठिकाणी 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट, ही रेषा धरतात. तुम्हाला दिलेल्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच धरा. त्या रेषेवर पारा गेला की वाट बघायची नाही. 'सकाळपर्यंत बघू' नाही, क्रोसिन देऊन उतरतोय का बघू नाही. गोळीने आकडा खाली येतो, जंतू असतात तिथेच असतात. या मुलांच्या रक्तात जंतूंशी लढणाऱ्या पेशी कमी असतात. रिपोर्टवर एएनसी लिहिलेलं असतं, तो आकडा 500 च्या खाली असेल तर साधा वाटणारा ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो. दवाखान्यात पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं, अशी जगभर रीत आहे.

आणि यासाठी मुंबई गाठायची नाही. तुमच्या गावाहून पाच-सहा तास लागतील, तेवढा वेळ नसतो. पुढच्या फेरीला टाटातल्या डॉक्टरांकडून एक चिठ्ठी लिहून घ्या : मुलाला काय आजार आहे, कोणती औषधं चालू आहेत, ताप आला तर कोणतं अँटिबायोटिक किती द्यायचं आणि फोन कुणाला करायचा. ती चिठ्ठी घेऊन, ताप नसताना, एका चांगल्या दिवशी कराडातल्या मोठ्या रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञांना भेटून या. रात्री दोनला केसपेपर काढायच्या खिडकीवर 'कॅन्सरचं पोर आहे' एवढ्यावरून जी धावपळ आणि टोलवाटोलवी होते ती टळेल. दाराशी एक पिशवी कायमची भरून ठेवा : फाइल, शेवटचा रक्ताचा रिपोर्ट, ती चिठ्ठी, दोन जोड कपडे, चार्जर, थोडे पैसे. गावातल्या डॉक्टरांकडे दंडात-कमरेत सुई टोचून घ्यायची नाही. प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, कमी असतील तर आत रक्त साकळतं. ब्रूफेन, अ‍ॅस्पिरिन हेही नाही.

एवढं केलंत की रात्री एकदा, तुम्ही झोपायच्या आधी, ताप मोजा आणि झोपा. तो कसकसला, थरथरला, कुरकुरला तर उठालच. आईला त्यासाठी गजर लागत नाही.

मग गोळ्या. इथे मला तुमची जास्त काळजी वाटते.

पोर बरं दिसतंय मग गोळ्या कशाला, हा प्रश्न सासूबाई एकट्याच विचारत नाहीत, सगळं गाव विचारतं. तुमच्या घरी ऊस असेलच. सासूबाईंना विचारा, हराळी वरून खुरपली तर जाते का? रान चार दिवस स्वच्छ दिसतं आणि पहिल्या पावसात पुन्हा हिरवं होतं. खाली काशी राहिलेल्या असतात. मुंबईत नऊ महिने झालं ती नांगरट. रक्ताच्या रिपोर्टमध्ये आता वाईट पेशी दिसत नाहीत, त्या दिसत नसतानाच ही बारीक गोळी दीड-दोन वर्षं रोज द्यायची असते. यातली जी रोज रात्रीची आहे तिचं नाव मर्कॅप्टोप्युरीन, आणि आठवड्यातून एकदाच घ्यायची ती मेथोट्रेक्सेट. गोळ्या किती नेमाने पोटात गेल्या याचा अमेरिकेत मुलांवर अभ्यास झालाय. 95 टक्क्यांपेक्षा कमी गोळ्या घेतलेल्यांत आजार उलटण्याचा धोका चांगलाच जास्त निघाला. 95 टक्के ऐकायला ऐसपैस वाटतं, पण महिन्यात दोन दिवस चुकले की आपण त्या रेषेच्या खाली. लग्नाला गेलो, विसरलो. गोळ्या संपल्या, सोमवारी आणू. संपले की दोन दिवस.

आठवड्याच्या गोळीची उलटी गोष्ट आहे. तिथे विसरण्यापेक्षा रोज देण्याची भीती जास्त. माझ्या नोकरीत एक मुलगा तोंड पूर्ण सोलवटून आला होता. ओठांपासून घशापर्यंत फोड, थुंकी गिळवेना, पाणी दिलं तर डोळ्यांतून पाणी. चार दिवस उलगडा होईना. मग आजी गावाहून पिशवी घेऊन आली, त्यात रिकामी पाकिटं. दोन्ही गोळ्या पिवळसर, दोन्ही बारीक. आजीने दोन्ही रोज दिल्या होत्या, आई बाळंतपणाला गेली होती. आणि दोष आजीचा नव्हताच. आमच्याच वॉर्डातून सुटी देताना कागदावर इंग्रजीत लिहिलं होतं आणि तोंडी कुणी सांगितलं नव्हतं. त्या पाळीला मीही होते. मुलगा उताऱ्याच्या औषधाने वाचला, पण ते तोंड मी विसरले नाही. म्हणून सांगते : मेथोट्रेक्सेटचा डबा वेगळा, झाकणाला लाल चिकटपट्टी, त्यावर मोठ्या मराठी अक्षरांत 'फक्त शुक्रवार' किंवा तुमचा जो वार असेल तो. भिंतीवर कालनिर्णय असेल, त्यावर गोळी पोटात गेल्यावरच खूण करायची, आधी नाही. ही खूण लेकीच्या हाती द्या. गोळी देणं नाही, ते मोठ्यांचं काम. फक्त खूण. भावाच्या आजारात तिला हातभर जागा मिळेल, आणि शुक्रवारी ती तुम्हाला विसरू देणार नाही.

खलबत्ता मात्र आजच बंद. या गोळ्या पेशींची वाढ थांबवणाऱ्या आहेत. त्यांची पूड त्याच खलबत्त्यात, ज्यात उद्या लसूण कुटायचा. आणि कुटतंय कोण, तर गरोदर जाऊबाई. त्यांनी या गोळ्यांना हातही लावायचा नाही. त्यांचं मन मोडेल असं नाही, नीट कारण सांगून सांगा, आणि त्यांच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांनाही आतापर्यंत काय झालं ते कळवायला सांगा. घाबरवण्यासाठी नाही, त्यांना ठाऊक असावं म्हणून. पोराला गिळता येईपर्यंत औषधाच्या नव्या, बिनसुईच्या सिरिंजमध्ये गोळी घालून थोडं पाणी ओढायचं, हलवून विरघळू द्यायची आणि तीच तोंडात सोडायची, हातमोजे घालून. कोणती गोळी अशी चालेल हे फार्मसीत विचारून घ्या. पण खरं सांगायचं तर सहा वर्षांचं पोर गोळी गिळायला शिकतं. वॉर्डात आम्ही भाताच्या शितापासून सुरू करायचो. जिभेवर शीत ठेवायचं, पाण्याच्या घोटाबरोबर न चावता गिळायचं. जमलं की शिजवलेला साबुदाण्याचा दाणा, मग दोन दाणे चिकटलेले. आठ-दहा दिवसांत बहुतेक मुलं पठ्ठ्यासारखी गोळी गिळून वर जीभ काढून दाखवायची. त्याच्या ताईबरोबर पैज लावा, लवकर शिकेल.

काढा नको. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याची प्रकरणं मुंबईतल्याच डॉक्टरांनी 2021 साली नोंदवली आहेत, आणि तुमच्या मुलाच्या दोन्ही गोळ्यांचा भार आधीच यकृतावर आहे. सासूबाईंना 'आपलं' औषध हवं असेल तर त्यांना एक गोष्ट सांगा. मुलांचा हा आजार औषधाने मागे हटतो, हे 1948 साली बॉस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी पहिल्यांदा दाखवलं. त्यांनी वापरलेलं अमिनॉप्टेरिन बनवलं होतं अमेरिकेत गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने, आंध्रातल्या भीमवरमचा आपला माणूस. शुक्रवारची गोळी ही त्याच अमिनॉप्टेरिनचं धाकटं भावंड. त्याआधी या मुलांना निदानानंतर बहुधा काही आठवडे किंवा महिनेच मिळत. सासूबाईंना हे पटेल की नाही माहीत नाही, मला मात्र सांगायला आवडतं.

तिसरी जपायची गोष्ट म्हणजे कांजिण्या, गोवर आणि नागीण. घरात, शेजारी, शाळेत, अगदी लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्याला निघालं असं कळलं, तर मुलाच्या अंगावर पुरळ उठायची वाट न बघता त्याच दिवशी मुंबईला फोन करा. सुरुवातीच्या थोड्या दिवसांतच त्यावर काही करता येतं. लेकीच्या लसी पूर्ण आहेत का बघा, कांजिण्यांची राहिली असेल तर डॉक्टरांना विचारून द्या; घरातले सगळे लसवंत असणं हेच याचं कुंपण. धाकट्याला स्वतःला मात्र उपचार चालू असेपर्यंत गोवर, कांजिण्या, पोलिओचे थेंब यांतलं काही द्यायचं नाही. शाळेत मोहीम आली की शिक्षकांना हे आधी ठाऊक हवं. जाऊबाईंचं बाळ आलं की त्याच्या पोलिओच्या डोसाबद्दलही विचारून घ्या, तेव्हा थेंबांऐवजी सुई घेता येते का ते.

बस. ताप, गोळ्या, पुरळ. इथे पोलिसासारखं वागा. बाकी घर सैल सोडा. डेटॉल एकदा पुरे, साधा साबण-पाणीसुद्धा पुरे. हात धुणं महत्त्वाचं, दाराशीच साबण ठेवा. शाळेतून आलं की लेकीने हातपाय धुऊन कपडे बदलायचे, झालं. त्याला गोठ्यात, कडब्याच्या धुळीत, कुठे जुनं घर पाडत असतील तिथे नेऊ नका. त्या धुळीत बुरशी असते. जेवण ताजं, शिजलेलं, गरम, दूध उकळलेलं, फळ सोलून खायचं. उघड्यावरची भेळ-पाणीपुरी नको. अंगणात खेळू द्या, उन्हात जाऊ द्या. चुलत भावंडांना सर्दी नसेल तर येऊ द्या. वर्षभरात या पोराने किती माणसांचे चेहरे मास्कशिवाय पाहिलेत?

सासूबाई. त्यांच्याबद्दल माझं मत तुम्हाला आवडणार नाही, तरी सांगते. ग्रहणाचं त्या बोलल्या ते क्रूर होतं आणि साफ खोटं आहे. हाडांच्या मगजात पेशी तयार होताना एका पेशीत बिघाड होतो आणि ती बेफाम वाढत जाते. बहुतेक मुलांत हे का झालं याचं कारण सापडत नाही. विळीचा, भाजीचा, ग्रहणाचा त्याच्याशी काही संबंध नाही. हे एकदा नवऱ्यासमोर, शांतपणे, सासूबाईंना सांगा, आणि पुन्हा विषय निघाला तर उठून जा. पण दीड महिना त्यांना नातवाच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर ठेवलंत, हेही काही बरं नाही केलंत. माणूस बाहेर ठेवला की तो बाहेरून दगड मारतो. त्यांचा खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्या, एक्स-रे काढा. तिथे टीबीची तपासणी फुकट होते. हे नातवासाठी आणि त्यांच्या स्वतःसाठीही. काही निघालं नाही आणि खोकला मिश्रीचा किंवा चुलीच्या धुराचा आहे असं ठरलं, तर हात धुऊन, चूळ भरून, त्यांना आत येऊ द्या. दुपारी दोन तास त्यांनी बसायचं, तुम्ही झोपायचं. गोष्टी त्यांच्याइतक्या तुम्हाला येतात का?

पालीची यात्रा. लाखोंची गर्दी, पौषाचा गारठा, आणि भंडारा उधळून उधळून हवाच पिवळी होते. तिथे त्याला न्यायचं नाही, यावर घासाघीस नाही. पण नवसाला मुदत नसते, हे सासूबाईंना तुमच्याआधी माहीत आहे. या वर्षी त्यांनी एकट्यांनी जावं, देवाला सांगून यावं की पोराचं औषध पुरं झालं की घेऊन येते. येताना भंडारा आणतील तो बोटाने कपाळाला लावू द्या. टिकलीएवढा. त्याने काही होत नाही, आणि त्यांच्यात आणि तुमच्यात जे अडलंय त्यातलं थोडं सुटेल. औषध संपल्यावर यात्रेच्या गर्दीत नको, साध्या रविवारी सगळे जा.

हेडमास्तरांना 'पूर्ण बरा' असं सर्टिफिकेट कुणीच देणार नाही. डॉक्टर 'शाळेत जाण्यास योग्य' असं लिहून देतात, तेवढं आणा. मेंटेनन्समधली बरीच मुलं रक्ताचे आकडे ठीक असताना शाळेत जातात; तुमच्या मुलाला कधीपासून पाठवायचं ते डॉक्टरांना विचारा. सुरुवातीला दोन तास, पुढच्या बाकावर, खिडकीजवळ. वर्गशिक्षकांना एक वाक्य पाठ करायला लावा : वर्गात कुणाला पुरळ उठलं की मला त्याच दिवशी फोन. केसांचं मुलं विचारतीलच, आता उगवायला लागले असतील. त्याने काय उत्तर द्यायचं ते त्यालाच ठरवू द्या. आमच्या वॉर्डातला एक जण सांगायचा, 'उन्हाळी कटिंग'. थंडीतसुद्धा.

पैशांचं तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणजे ती चिंता नाही असं मी धरत नाही. महिन्याच्या फेऱ्यांसाठी रेल्वेची सवलत घेताय ना? कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण तिकीट माफ, सोबतच्या एका माणसाला 75 टक्के. त्याचा फॉर्म दवाखान्यातून सही-शिक्क्यासह मिळतो. कोयना एक्सप्रेसने जात असाल तर कोणत्या वर्गात किती सूट ते कराड स्टेशनवर विचारून घ्या, बसून जायच्या डब्यांना नियम वेगळा आहे. टाटातल्या सोशल वर्कर ताईंना भेटून राहण्याचंही विचारा. दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, सेंट ज्यूडची केंद्रं आहेत. जागा मिळणं नंबरावर असतं, पण विचारल्याशिवाय नंबर लागत नाही.

आता तुमचे 'हे'. बोलत नाहीत, असं तुम्ही लिहिलंत. सगळी पत्रं असंच लिहितात. हंगामात कारखान्यावर डबल पाळी करणारा माणूस घरी येऊन आजाऱ्याच्या खोलीत शिरत नाही, तेव्हा त्याला पर्वा नसते असं नाही. आत गेल्यावर काय करायचं हेच माहीत नसतं. सगळं तुम्हाला येतं, फाइल तुमच्याकडे, डॉक्टर तुमच्याशी बोलतात. मुंबईत नऊ महिने कुणी त्यांना गोळीचं नाव तरी सांगितलं का? 'तुम्हाला काय वाटतंय' विचारू नका, उत्तर 'काही नाही' येईल. काम द्या. रात्रीची रोजची गोळी त्यांची, पाळी रात्रीची असेल ते दिवस सोडून. तापाच्या वेळी गाडी कोणाची, ड्रायव्हर कोण, रात्री फोन उचलेल का, हे त्यांनी आज ठरवून ठेवायचं. कराडच्या डॉक्टरांना भेटायला त्यांनीच जायचं, चिठ्ठी घेऊन. आणि आठवड्यातून एक संध्याकाळ पोरगा त्यांच्याकडे. तुम्ही आणि लेक दोघीच बाजारात. भाजी नाही घेतलीत तरी चालेल. गाडीवर तिला मागे बसवा, ती मागून बोलेल. समोरासमोर मुली बोलत नाहीत, पाठीला बोलतात.

राहिला रात्री दोनचा भात. हे भूत नाही आणि लाडही नाहीत, ते स्टिरॉइड आहे. त्या पाच दिवसांत भूक खरीच लागते, पोटात आग पडल्यासारखी, आणि मन त्याच्या ताब्यात राहत नाही. चेहरा सुजतो, रडू येतं, राग येतो. गोळ्या थांबल्या की काही दिवसांत उतरतं. तेव्हा भात द्या, वाद घालू नका. मारलं तर हात धरून एवढंच म्हणा, 'भात मिळेल, मारायचं नाही', आणि सकाळी विषय काढू नका. त्याला आठवत असतं, लाजही वाटत असते. पाणी फार पितोय आणि लघवीला सारखा जातोय असं दिसलं तर मात्र डॉक्टरांना सांगा, स्टिरॉइडने साखर वाढू शकते. लोणचं त्या पाच दिवसांत नको, पापडही नको. मीठ अंगात पाणी धरतं, रक्तदाब चढतो. जीभ चाळवली असेल तर धुतलेल्या लिंबाची ताजी फोड पिळा, तोंड आलेलं नसेल तर. इतर दिवसांत मुरलेल्या लोणच्याची बोटभर फोड, कोरड्या चमच्याने काढलेली, हे डॉक्टरांना विचारून.

भात रात्रीचा उरलेला देऊ नका. झोपताना लहान कुकरजवळ वाटीभर तांदूळ-मूगडाळ काढून ठेवा, पाण्याचा तांब्या शेजारी. उठला की धुऊन चढवायचं, पंधरा-वीस मिनिटांत होतो. तेवढा वेळ तो स्वयंपाकघरात कट्ट्याशेजारी बसून शिट्ट्या मोजेल. पाचातल्या दोन रात्री कुकर त्याच्या बाबांनी लावायचा. त्यांना येत नसेल तर या रविवारी शिकवा.